एकाच पेनानं लिहिलेली वही

माणूस खोटा आहे हे मानायला इंदिराबाईंना पुरावा लागत नसे. तो खरा आहे हे मानायला मात्र दोन लागत, आणि तेही साक्षांकित प्रतींसह. दूधवाला हसून बोलला की आज पाणी जास्त घातलं असणार, असं त्या धरूनच चालत. शेजारीण सहज डोकावली, तर ती काय मागायला आली असेल याचा अंदाज दार उघडायच्या आत बांधून होई. वर्ध्याच्या नालवाडीतल्या त्यांच्या गल्लीत लोक पाठीमागं त्यांना 'सीआयडी' म्हणत. हे त्यांना ठाऊक होतं, आणि आता खोटं कशाला बोला, आवडतही होतं.

बत्तीस वर्षं सरकारी कचेरीत काढली बाईंनी. कारकून म्हणून लागल्या, मुख्य लिपिक म्हणून निघाल्या. हजेरीपट, दौऱ्याच्या डायऱ्या, भेटीची रजिस्टरं किती तपासली त्याला गणती नाही. कोणता साहेब खरंच दौऱ्यावर गेला आणि कोणत्यानं घरी पंख्याखाली बसून दौरा लिहिला, हे त्यांना शाईवरून कळे. नवी पोरं त्यांच्यापुढं माना डोलावत आणि आपल्या वह्या त्यांच्या टेबलापासून जरा लांबच ठेवत.

अशा बाईंना निवृत्तीनंतर पुन्हा कामाला लावलं ते श्रीनिवासनं. 'वाटचाल युवा पुरस्कार' नावाची एक योजना आहे, तिचा तो जिल्हा समन्वयक. चौदा ते पंचवीस वयाच्या पोरापोरींनी दर आठवड्याला थोडी सेवा करायची, एखादं कौशल्य शिकायचं, अंगमेहनतीचा एक खेळ धरायचा, आणि शेवटी गटानं दोन-तीन दिवसांची पायी भटकंती करायची. केलं ते नोंदवहीत लिहायचं. आधी ब्रॉन्झ, मग सिल्व्हर, मग गोल्ड. गोल्डला दीड वर्ष लागतं. कुणाशी स्पर्धा नाही, पहिला-दुसरा नंबर नाही, ज्याचं त्यानं पुढं जायचं.

"नंबर नाही?" बाईंनी विचारलं होतं. "मग पोरं कशाला करतील?"

"स्वतःसाठी, मॅडम. व्यक्तिमत्त्व घडतं."

"हं," बाई म्हणाल्या. ज्यात नंबर नाही त्यात कुठंतरी पाणी मुरत असणार, असं त्यांनी मनात टिपून ठेवलं, आणि तपासनीस व्हायला त्या ताबडतोब तयार झाल्या. वह्या तपासायच्या, वाटलं तर गावात जाऊन यायचं, आणि शेवटच्या पानावर शेरा लिहायचा. त्यांचा स्वतःचा नातू साकेत याच योजनेत गोल्डला होता. त्याच्या वहीला मात्र त्यांनी दीड वर्षात बोट लावलं नाही. नात्यातल्याची वही तपासायची नाही असा नियम होता, आणि नियम म्हणजे नियम. ती वही श्रीनिवासनंच तपासली.

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात बाईंकडं स्वीटी उईकेची वही आली. कारंजा तालुक्यातल्या मोहदरीची पोरगी, एकोणीस वर्षांची. सेवेच्या रकान्यात लिहिलं होतं की दर शनिवारी गावातल्या म्हाताऱ्या माणसांना दवाखान्याच्या गोळ्या समजावून सांगते. त्यांना गोंडी येते, डॉक्टरला येत नाही, गोळ्यांच्या पाकिटावर काय लिहिलंय ते कुणालाच येत नाही. म्हणून सकाळच्या गोळ्यांची एक पिशवी, रात्रीच्या गोळ्यांची दुसरी, असं करून देते. कौशल्य, शिलाई. खेळ, धावणं.

बाईंनी वही खिडकीशी नेली, भिंग काढलं, आणि दहाव्या मिनिटाला त्यांच्या मनात पाल चुकचुकली.

अठ्ठ्याहत्तर शनिवार आणि शाई एकच. निळी. पहिल्या पानाची आणि शेवटच्या पानाची शाई शेजारी धरली तर बहीण-बहीण. अक्षराचा कल तोच, ओळीतलं अंतर तेच. पानाचे कोपरे सरळ. चहाचा डाग नाही, तेलाचं बोट नाही. दीड वर्ष जी वही घरात, पावसात, चुलीपाशी वावरली ती अशी राहते होय? ही पोरगी शेवटच्या आठवड्यात बसली असणार आणि एका बैठकीत सगळं खरडून मोकळी झाली असणार. कचेरीत अशा वह्या बाईंनी डोळे मिटून पकडल्या होत्या.

आणि वर हा शहाणपणा! तीन ठिकाणी पोरीनं लिहिलं होतं, "आज काही केलं नाही." बाई चक्क हसल्या. वही खरी वाटावी म्हणून मुद्दाम घातलेले तीन रिकामे आठवडे. अगं बये, तू ज्या शाळेत शिकतेस ना, तिथं मी मुख्याध्यापक होते.

तरी प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय शेरा लिहायचा नाही ही त्यांची रीत. न सांगता जायचं, हीसुद्धा. शुक्रवारी सकाळी त्या वर्ध्याहून आर्वीच्या गाडीत बसल्या. आंजीला गाडी भरली, आर्वीला गाडी बदलली, कारंजाला उतरून हायवेवरच्या ढाब्यावर चहा घेतला, आणि तिथून ऑटोनं मोहदरी. ऊन चांगलंच तापलं होतं. गाव अर्धं रिकामं होतं, माणसं मोहफुलं वेचायला जंगलात गेलेली. वहीत जिचं नाव सगळ्यात जास्त वेळा होतं ती कौशल्याबाई तेवढी अंगणात फुलं वाळत घालत बसली होती. सत्तरीची म्हातारी, मराठी मोडकंतोडकं.

बाईंनी पिशवीतून कागद काढला, पेन काढलं, आणि त्या समोर बसल्या.

"स्वीटी येते का तुमच्याकडं?"

"हो."

"दर रविवारी येते ना?"

"हो."

बाईंचे डोळे चमकले. वहीत शनिवार होता. "आणि बुधवारीपण येते, नाही का?"

"हो, हो."

"गोळ्यांचे पैसे घेते तुमच्याकडून?"

"हो," म्हातारी म्हणाली आणि पदरानं बाईंसाठी बसायची जागा अजून जरा झटकली.

झालं. साक्षीदार पढवलेली आहे, पण धड पढवलेली नाही. बाई चारही उत्तरं लिहून घेत होत्या तेवढ्यात कुंपणाशी टोपली उतरवून एक काटक पोरगी आत आली. ओढणी डोक्याला गुंडाळलेली, हात फुलांच्या रसानं चिकट झालेले. हीच स्वीटी. बाईंनी ओळख सांगितली तशी ती आधी हरखली. मग बाईंच्या हातातला कागद तिनं उभ्याउभ्या वाचला आणि तिचा चेहरा उतरला.

"मॅडम, आजी साऱ्यालेच हो म्हनते. तुमी तिले इचारा, तू मेली का, त हो म्हनन."

"म्हणजे मी जे विचारते ते सगळं तिला कळत नाही, आणि तू जे सांगतेस ते सगळं खरं. असंच ना?"

"मी कुठं तसं म्हनलं?"

"वही कुठं लिहितेस?"

"अंगनवाडीत. मंदाबाईच्या कपाटात राह्यते वही. घरी उंदीर कुरतडते."

"अंगणवाडी कुठंय? दाखव."

"आज बंद हाय. मंदाबाई मीटिंगले गेल्या कारंज्याले." मग पोरगी एकदम जवळ आली. "मॅडम, उद्या शनिवार हाय. उद्या या ना. तुमच्या डोळ्यानंच पाहून घ्या."

"उद्या?" बाई कागद घडी करत म्हणाल्या. "उद्या तर तू सगळी तयारी करून ठेवशील."

स्वीटी बाईंना सोडायला रस्त्यापर्यंत आली, आणि ऑटो येईपर्यंत उन्हात उभी राहिली. शेवटी म्हणाली, "मले जूनपासून वाटचालच्या शिबिरात सहायक म्हनून घेनार हायेत. श्रीनिवास सरनं सांगतलं. राहन्याखान्याची सोय, पगार हाय. पन गोल्ड पाह्यजे. तुमी लिहानच ना मॅडम?"

असं आहे तर, बाईंना वाटलं. नोकरी आहे होय मागं! आता सगळं जुळलं. त्यांनी "बघू" म्हटलं आणि त्या ऑटोत बसल्या.

घरी आल्यावर शेरा लिहायला पाच मिनिटं लागली नाहीत. 'सर्व नोंदी एकाच बैठकीत केल्याचा दाट संशय. लाभार्थीचा जबाब वहीशी विसंगत. शिफारस करता येत नाही.' खाली सही, सत्तावीस मार्च. शनिवारी सकाळी त्यांनी वही नेऊन श्रीनिवासच्या हातात दिली. तो जरा कचरला. चांगली पोरगी आहे हो मॅडम, म्हणाला. चांगल्या पोरांचीच वही आधी तपासावी, असं बाईंनी त्याला सुनावलं. एकतीस मार्चला यंदाची मुदत संपली आणि स्वीटीचं नाव यादीतून गळलं.

दोन एप्रिलला साकेत पेढे घेऊन आला.

"आजी, गोल्ड! तोंड उघड." त्यानं पेढा बाईंच्या तोंडात कोंबला आणि नोंदवही मांडीवर टाकली. "आता बघ खुशाल. आता तर जिल्ह्याच्या यादीत नाव लागलं. पुण्याच्या कॉलेजात मुलाखतीला हीच नेणार आहे."

केवढं कौतुक वाटलं बाईंना! आईविना वाढवलेलं पोर. त्यांनी चष्मा पुसला, हात पदराला पुसले आणि वही उघडली. सेवा: नालवाडीतल्या ज्येष्ठ नागरिकांना मोबाइल शिकवणे. पहिला आठवडा काळ्या शाईत. दुसरा, तिसरा निळ्या. चौथा हिरव्या जेल पेननं, घाईत लिहिल्यासारखा तिरपा. मग पुन्हा काळा. सातव्या पानाचा कोपरा मुडपलेला. बाराव्या पानावर कपाचा गोल डाग. जुलैच्या एका नोंदीवर पाण्याचा थेंब पडून शाई फुटलेली. कुठंच रिकामा आठवडा नाही.

बाईंचा हात थांबला.

ही वही त्यांनी याआधी कधी पाहिली नव्हती, पण ती त्यांच्या ओळखीची होती. निरीक्षणाला साहेब येणार म्हटलं की कचेरीत सहा-सहा महिन्यांची रजिस्टरं त्यांनी स्वतः अशीच भरली होती. चार पेनं घेऊन बसायचं. तीन नोंदींनंतर पेन बदलायचं, दहाव्यानंतर हात बदलल्यासारखं लिहायचं, कोपरे मुडपायचे, कपाचं बूड टेकवायचं. 'वापरातलं दिसलं पाहिजे' असं म्हणायच्या. दुसऱ्यांच्या चोऱ्या पकडता यायच्या त्या उगाच नाही. आणि एकदा, फक्त एकदा, हे त्यांनी घरीही केलं होतं. साकेत सहावीत असताना निसर्ग निरीक्षणाची साठ दिवसांची वही दुसऱ्या दिवशी द्यायची होती आणि पोरगं रडत होतं. आजी-नातू दोघं ताटावर बसल्यासारखे समोरासमोर बसले, चार पेनं मध्ये. किती हसले होते दोघं त्या संध्याकाळी!

"साकेत, हे कधी लिहिलंस?"

"म्हणजे? दर आठवड्याला."

"माझ्याकडं बघून बोल."

साकेतनं पाहिलं आणि मग तो हसायलाच लागला. "काय आजी, तू पण ना. मार्चमध्ये लिहिलं, दोन दिवसांत. सगळेच तसं करतात. तूच तर शिकवलंस. एकाच पेननं लिहायला मी काय येडा आहे?"

बाईंनी वही मिटली. खोटं लिहिणारा पेन बदलतो. हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत होतं? ज्याला कुणाला फसवायचंच नाही तो कशाला पेन बदलेल? तो असेल त्या पेनानं लिहील. आणि ज्या आठवड्यात काही केलं नाही, तिथं काही केलं नाही असंच लिहील.

पण स्वभाव इतक्या लवकर हार मानतो होय! दोन दिवस बाई स्वतःशी भांडत राहिल्या. नसेलही तसं. पोरगी त्याहून बेरकी असेल. एकाच पेनानं लिहिलं की उलट कुणी संशय घेणार नाही, एवढी पुढची अक्कल चालवली असेल. म्हातारीनं रविवार म्हटलं, बुधवार म्हटलं, त्याचं काय? साकेत वाचला पाहिजे म्हणून तर मी त्या पोरीला खोटी ठरवत नाहीये ना, हाही संशय त्यांनी घेऊन पाहिला. स्वतःवर संशय घ्यायची त्यांची ही पहिलीच वेळ होती आणि ती त्यांना फार जड गेली. शनिवारी, चार तारखेला, त्या पुन्हा आर्वीच्या गाडीत बसल्या.

अंगणवाडी उघडी होती. दारातच मंदाबाईंनी त्यांना अडवलं. मंदाबाई म्हणजे तिथल्या सेविका, ठेंगण्या, आवाज मात्र खणखणीत.

"आधी भेटवहीत सही करा मॅडम, मंग पानी देतो. आमाले वरून तपासतात."

दाराशेजारी खिळ्याला सुतळी बांधलेली, सुतळीला पेन, पेनाखाली भेटवही. बाईंनी नाव लिहिलं, चार एप्रिल लिहिलं, सही केली. निळी शाई. त्यांनी ती शाई पाहिली आणि पेन हातातच धरून ठेवलं.

"हे पेन कधीपासून आहे?"

"पेन? लय दिवसाचं हाय. सुटं ठेवलं त संध्याकाळपर्यंत गायब होते, म्हनून बांधून ठेवलं. रिफिल संपली का बदलतो, डबाच आनला हाय एक. पोषन आहाराचं यानंच लिहितो, पोरांचं वजन यानंच. स्वीटी बी यानंच लिहे." मंदाबाईंनी बाईंकडं नीट पाहिलं. "तुमीच का त्या? वहीवाल्या?"

बाईंनी पेन सोडून दिलं. आत भिंतीला टेकून पाच-सहा म्हाताऱ्या बसल्या होत्या आणि त्यांच्यामध्ये स्वीटी मांडी घालून बसली होती. बाईंना तिनं पाहिलं, पण ती उठली नाही. कौशल्याबाईच्या मांडीवर दोन कापडी पिशव्या होत्या, एकीवर लाल दोऱ्यानं सूर्य भरलेला, दुसरीवर पांढऱ्यानं चंद्र. स्वीटी एकेक गोळी दाखवत होती, गोंडीत काही सांगत होती, आणि म्हातारी तीच गोळी बरोबर पिशवीत टाकून तिच्याकडं बघत होती. एकदा चुकली. स्वीटी काहीतरी बोलली तशा सगळ्याजणी खळखळून हसल्या. गोळ्यांच्या पिशव्या जुन्या होत्या, धुवून धुवून त्यांचा रंग गेला होता.

"ती आता लिहीत नाई," मंदाबाई हळू आवाजात म्हणाल्या. "वहीच नाई त लिहिन कुठं? पन येते."

"मग कौशल्याबाई मला रविवार, बुधवार सगळ्याला हो का म्हणाल्या?"

"तुमच्या हातात कागद होता का?"

"होता."

"मंग हो नाई म्हननार त काय! कागद घेऊन आलेल्या मानसाले इथं कोनी नाई म्हनत नाई, मॅडम. मागं घरकुलाचे साहेब आलते. इचारलं, पाऊस आला का घर गळते का? तिचा मालक म्हने, नाई, आत्ताच छपराचे कवेलू फेरले. कटलं ना नाव! तवापासून कागद दिसला का हो. मालक बी गेला आता त्याच घरात." मंदाबाईंनी बोटं मोजली. "तो गेला त्याच शनिवारी स्वीटीनं लिहिलं होतं ना, काही केलं नाई. मयतीत होती दिवसभर."

बाईंना बसावंसं वाटलं. पोरांच्या खुर्च्या होत्या, इवल्याशा. त्यातल्याच एकीवर त्या बसल्या आणि त्यांना लाज वाटली. साधीसुधी लाज. आपण एका पोरीचं खरंखुरं दीड वर्ष पाच मिनिटांत खोटं ठरवलं, आणि तेही रुबाबात.

म्हाताऱ्या पांगल्यावर त्या स्वीटीपाशी गेल्या. "माझं चुकलं, बेटा," त्या म्हणाल्या. त्यांच्या तोंडून हे वाक्य कुणी ऐकलेलं नव्हतं. "मी आत्ताच दुरुस्त करते." आणि तिच्यासमोरच त्यांनी श्रीनिवासला फोन लावला. रेंज कमी होती म्हणून स्पीकर सुरू केला.

श्रीनिवासनं सगळं ऐकलं. मग म्हणाला, "मॅडम, मुदत तर गेली. पण यादी मी सोमवारी वर पाठवणार आहे. तुम्ही असं करा, नवा शेरा लिहा आणि तारीख एकतीस मार्च टाका. मी आत घेतो. आजची टाकली तर पुढच्या वर्षी जाईल पोरगी, मी काहीच करू शकत नाही."

"आणि साकेतची वही खोटी आहे," बाई म्हणाल्या.

"त्यावर माझी सही आहे, मॅडम," श्रीनिवास म्हणाला. "ते आता उकरू नका. घरचंच पोर आहे. या पोरीचं करून टाका आणि विषय संपवा." त्यानं फोन ठेवला.

बाईंनी पिशवीतून कोरा कागद काढला. मंदाबाईंनी टेबल पुसून दिलं. बाईंचं अक्षर अजून मोत्यासारखं होतं. स्वीटी उईके हिच्या सर्व नोंदी मी प्रत्यक्ष पडताळल्या, त्या खऱ्या आहेत, आधीचा शेरा मी मागे घेते, असं त्यांनी लिहिलं आणि तारखेपाशी आल्या. एकतीस. त्यांनी तीनचा आकडा काढायला पेन टेकवलं. एवढ्या एका खोट्यानं पोरीचं भलं होणार होतं. आयुष्यात याहून वाईट कारणांसाठी त्यांनी तारखा टाकल्या होत्या.

"आजची टाका," स्वीटी म्हणाली.

"अगं, वर्ष जाईल तुझं. जूनची नोकरी जाईल. ऐकलंस ना सर काय म्हणाले?"

"ऐकलं."

"मग? कोण बघतंय?"

"तुमी पाह्यलं ना," स्वीटी म्हणाली. आवाज चढला नव्हता, पण हात ओढणीशी चाळा करत होते. "मी काही लपवलं नव्हतं तरी तुमी पाह्यलं. आता भेटवहीत तुमची सही हाय, चार एप्रिल. आन् या कागदावर एकतीस मार्च. उद्या तुमच्यासारखं कोनी आलं, दोन्ही समोर ठेवलं, त खोटं कोन पडन? तुमी नाई पडत, मॅडम. सर बी नाई पडत. मीच पडन. मंग अठ्ठ्याहत्तर शनिवार बी गेले माह्ये."

मंदाबाईंनी तोंड दुसरीकडं वळवलं. बाईंनी चार एप्रिल लिहिलं. मग जरा थांबून खाली आणखी एक परिच्छेद लिहिला: साकेत याची वही दोन दिवसांत लिहिलेली आहे, हे त्यानं माझ्यासमोर कबूल केलं, आणि ती पद्धत त्याला मीच शिकवली. सही केली. आता पोरगं आपल्याशी किती दिवस बोलणार नाही याचा हिशोब त्यांनी केला नाही.

कागद त्यांनी स्वीटीपुढं सरकवला. तिनं तो उचलला आणि ओठ हलवत पहिल्या शब्दापासून वाचला.

"साकेत कोन?"

"माझा नातू."

स्वीटीनं वर पाहिलं. "मंग काऊन लिहून राह्यल्या?"

"खरं आहे म्हणून."

पोरगी त्यांच्याकडं बघत राहिली. यात हिचं काय असेल, ही कशापायी लिहीत असेल, यातून पुढं माझ्यावर काय शेकेल, सगळं त्या नजरेत होतं. बत्तीस वर्षं बाईंनी लोकांकडं असंच पाहिलं होतं. समोरून कसं वाटतं ते त्यांना आज कळलं. आठ दिवसांपूर्वी याच पोरीनं उन्हात उभं राहून, तुमी लिहानच ना मॅडम, असं विचारलं होतं.

"सहीच्या वर जागा काऊन सोडली?" स्वीटीनं बोट ठेवलं. दोन बोटं रुंदीची कोरी पट्टी होती.

"अशीच सुटली गं."

"रेघ मारा."

बाईंनी रेघ मारली. स्वीटीनं मोबाइलवर कागदाचा फोटो काढला, नीट आला का ते मोठा करून पाहिलं. मग तिनं कागद उलटा केला आणि मागची कोरी बाजू बाईंपुढं धरली.

"इथं बी," ती म्हणाली.